चला, यंदा पोराबाळांसह विज्ञान केंद्राला!

आपल्याकडे घराला कुलूप लावून सगळ्यांनी मिळून बाहेर पडायचे प्रसंग मोजकेच. जवळच्या नात्यातलं लग्न, ग्रामदैवताची जत्रा, आषाढीला पंढरपूर, कुणी आजारी पडलं तर शहरातला दवाखाना. या फेऱ्या चुकत नाहीत, चुकवूही नयेत. पण वर्षातला एक दिवस असा का असू नये, की जो केवळ पोरांच्या डोक्याला खुराक मिळावा म्हणून काढला? उसाला खत किती, पाणी किती, याचा हिशेब आपण बोटांवर ठेवतो. पोरांच्या कुतूहलाला काय घातलं, याचा हिशेब कुणी ठेवतो काय?

हा प्रश्न हौसेचा नाही, गरजेचा आहे. आजोबांच्या नावावरचा आठ एकरांचा तुकडा वाटण्या होत होत नातवाच्या हाती दीड-दोन एकरांवर येतो, हे आपण घरोघरी पाहतो. तेवढ्या रानात ज्याला टिकायचं आहे त्याला माती, पाणी, यंत्र यांतलं मर्म कळलं पाहिजे. आणि ज्याला रान सोडून दुसरीकडे जायचं आहे त्यालाही तेच लागणार आहे. ही समज पुस्तकातून थोडी येते आणि हातातून जास्त येते. हातातून शिकवणारी जागा म्हणजे विज्ञान केंद्र. म्हणून या लेखात सहकुटुंब सहलीचा आराखडा मांडला आहे.

विज्ञान केंद्र म्हणजे काय?

नेहमीच्या संग्रहालयात कपाटाला काच असते आणि बाजूला पाटी असते, 'हात लावू नये'. विज्ञान केंद्रात उलटा कारभार. तिथं हात लावल्याशिवाय काही कळतच नाही. दोर ओढा, चाक फिरवा, बटण दाबा, आरशासमोर उभे राहा, मग गंमत दिसते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात फ्रँक ओपेनहायमर या शास्त्रज्ञाने १९६९ साली 'एक्सप्लोरेटोरियम' उघडले, तेव्हापासून ही तऱ्हा जगभर गाजली. आपल्या देशात १९७८ साली राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद स्थापन झाली आणि तिने ठिकठिकाणी अशी केंद्रे उभी केली.

महाराष्ट्रातले सर्वांत मोठे केंद्र मुंबईत वरळीला आहे, नेहरू विज्ञान केंद्र. त्याची सुरुवात १९७७ साली प्रकाश आणि दृष्टी या विषयावरच्या दालनाने झाली. १९७९ हे आंतरराष्ट्रीय बालवर्ष होते. त्या वर्षी मोकळ्या आवारातले विज्ञान उद्यान मुलांसाठी खुले झाले. पूर्ण केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. इमारतीचा आराखडा अच्युत कानविंदे या आपल्या कोकणातल्या वास्तुशिल्पकाराचा. आवार सुमारे आठ एकरांचे. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या सगळ्या रानापेक्षा मोठे! त्यात वाफेचे इंजिन आहे, मुंबईची जुनी ट्राम आहे, आणि आपल्याच देशात बनलेले 'मरुत' हे लढाऊ विमानही उभे आहे.

कुठे जावे?

कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या सभासदांना वरळी गाठायला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. संध्याकाळची धार काढून निघावे, झोपेत प्रवास होतो आणि सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते. स्टेशनावरच तोंड-हात धुऊन चहा-नाश्ता उरकावा. पूर्वी तिथून वरळीला जायचं म्हणजे बस बदला, टॅक्सीवाल्याशी घासाघीस करा, असा ताप होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रोची संपूर्ण मार्गिका सुरू झाली, आणि आता टर्मिनसपासून थेट सायन्स सेंटर नावाच्या स्थानकावर उतरता येते. पोरांना जमिनीखालची आगगाडी हा वरचा नफा. लोकल गाडीने जायचे तर पश्चिम रेल्वेचे महालक्ष्मी स्टेशन जवळचे. महालक्ष्मीचे देऊळही फार लांब नाही, त्यामुळे आजीचे देवदर्शन चुकत नाही.

ज्यांना मुंबई दूर वाटते त्यांना चिंचवडचे सायन्स पार्क बरे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका आणि वर सांगितलेली परिषद यांनी मिळून ते उभे केले, आणि २०१३ पासून ते खुले आहे. सोलापूरकडच्या मंडळींना सोलापुरातच विज्ञान केंद्र आहे. विदर्भातल्या पाहुण्यांकडे गेलात तर नागपूरचे रमण विज्ञान केंद्र पाहावे. ते १९९२ पासून चालू आहे. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था आहे. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. त्याच संस्थेत मुलांसाठी 'मुक्तांगण विज्ञान शोधिका' आहे. पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानच्या देणगीतून तिची वास्तू झाली. अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून विज्ञान शिकवण्याचे काम इथेच अनेक वर्षे केले. तिथे मात्र आधी विचारून, वेळ ठरवून जावे.

केव्हा जावे?

शहरातल्या माणसाला रविवार पाहिला की झालं. आपलं तसं नाही. पाण्याची पाळी, लाइटचं वेळापत्रक, तोडणीची चिठ्ठी, लागणीची घाई, या सगळ्यांतून दिवस काढायचा. जुलै-ऑगस्टला आडसाली लागण असते, शिवाय मुंबईत पावसाचा धुमाकूळ. तोडणी सुरू झाल्यावर टोळी कधी फडात उतरेल याचा नेम नाही. म्हणून दोन वेळा चांगल्या. एक, दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यानंतरचे दिवस, आपल्या फडाची पाळी लांब असेल तर. दुसरी, ऊस गेल्यावर, खोडव्याची पाचट आणि खताची कामे उरकली की परीक्षेनंतरच्या सुट्टीत. उन्हाळ्यात बाहेरचे उद्यान सकाळी आणि आतली दालने दुपारी, असा क्रम ठेवावा.

वरळीचे केंद्र होळी-दिवाळीसारखे सणाचे दिवस सोडले तर वर्षभर उघडे असते. काही ठिकाणी आठवड्याची सुट्टी असते. वेळा आणि तिकीट बदलत असतात, तेव्हा निघण्याच्या आदल्या आठवड्यात फोन करून विचारून घ्यावे. घरातल्या शाळकरी पोराला मोबाइलवर ते काम सांगा, त्याचीही तयारी होते.

गोठ्याचे काय? यावर तोडगा सोपा आहे. शेजारच्या दोन घरांनी जोडी करावी. या खेपेला तुम्ही जा, धार आम्ही काढतो. पुढच्या खेपेला आम्ही जातो, धार तुम्ही काढा. सहकार म्हणजे आणखी काय असतो?

खर्चाचा अंदाज

कागद घ्या आणि चार रकाने आखा. प्रवास, प्रवेश, जेवण, वरखर्च. चौथा रकाना आधीच ठरवला की खेळण्याच्या दुकानासमोर रडारड होत नाही. एस.टी.ने जाणार असाल तर लक्षात ठेवा, मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे, आणि ७५ वर्षांवरच्या वडीलधाऱ्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आधार कार्ड सोबत घ्यायला विसरू नये. जेवण घरचेच बांधून घ्यावे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा. दिवसभर टिकते आणि पोटालाही बरे.

तारांगण किंवा घुमटातला सिनेमा पाहायचा तर त्याचे तिकीट वेगळे असते, ते धरूनच हिशेब करावा. आणि तो कार्यक्रम दुपारचा घ्यावा. जेवणानंतर पाय थकलेले असतात, तेव्हा बसून पाहायला बरं वाटतं.

आत गेल्यावर

पहिली गोष्ट, उघडण्याच्या वेळेलाच दारात हजर राहावे. दुसरी, सगळे बघून संपवायचे अशी पैज लावू नये. शेकडो वस्तूंपुढून पळत जाण्यापेक्षा दहा वस्तूंपाशी थांबून त्यांचे मर्म कळले तर दिवस सार्थकी लागला. प्रत्येक पोराने घरूनच एकेक प्रश्न वहीत लिहून न्यावा. विमान का पडत नाही? पंपाला हवा धरली की पाणी का येत नाही? इंद्रधनुष्य गोलच का? उत्तर सापडलं तर त्या पानावर लिहावे, नाही सापडलं तर तिथल्या माणसांना विचारावे.

तिसरी गोष्ट आयाबहिणींसाठी. पिशव्या आणि चपला राखत बाहेर बसायचं नाही. सामान ठेवायची सोय असेल तिथे ठेवावे, नसेल तर पाळीपाळीने सांभाळावे. ज्या घरात आई प्रयोगाला हात लावते, त्या घरातली पोरगी मागं राहत नाही. 'तू राहू दे, तुझ्या भावाला बघू दे' हे वाक्य त्या दिवशी गावाकडेच ठेवून यावे.

चौथी, गर्दीत चुकामूक होऊ शकते. लहानग्याच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घालावी, आणि आत शिरतानाच भेटायची एक खूण सगळ्यांनी ठरवावी, उदाहरणार्थ आगगाडीचे इंजिन.

पाचवी आणि महत्त्वाची, आजोबांना बरोबर न्यावेच. कप्पीचा प्रयोग पाहिला की पोरं पाटी वाचतील. आजोबा मोट सांगतील. मोटेचे बैल उताराच्या धावेवरून खाली जात, म्हणजे बैलांचे स्वतःचे वजनही पाणी वर ओढायला मदत करी. तरफेचा प्रयोग आला की बैलगाडी आठवेल. ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते, पुढे जास्त झाले की बैलांच्या मानेवर येते. शाळा न शिकलेल्या माणसानं गाडी भरताना रोज हे गणित सोडवलं. नातवाला हे कळलं तर आजोबांकडे बघायची त्याची नजर बदलते.

ऊस आणि उजेड

आता ऊसकऱ्याच्या कामाची गोष्ट. अशा केंद्रातले प्रकाशाचे दालन आपण सर्वांत निवांत पाहावे, कारण आपल्या कारखान्याची प्रयोगशाळा उजेडावरच चालते.

पाण्यात काठी बुडवली की ती वाकडी दिसते. उजेड हवेतून पाण्यात शिरताना दिशा बदलतो म्हणून तसं दिसतं. पाण्यात साखर विरघळली तर तो आणखी वाकतो. साखर जितकी जास्त, तितका जास्त. हातातल्या ब्रिक्समीटरवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे धरतात आणि आकडा वाचतात, त्यामागे एवढेच तत्त्व. उसाच्या बुडख्याचा आणि शेंड्याकडचा ब्रिक्स जवळजवळ सारखा आला की ऊस पक्व झाला असे समजतात.

पण ब्रिक्स म्हणजे निव्वळ साखर नव्हे. रसात विरघळलेले क्षार आणि इतर पदार्थही त्यात मोजले जातात. खरी साखर किती, हे पाहायला दुसरी युक्ती. एक दोर झाडाला बांधून हलवा, त्यात लाट उठते. दोर उभ्या फटीच्या कुंपणातून गेला असेल तर वर-खाली हलवलेली लाट पार जाते, आडवी हलवलेली अडते. उजेडाचेही तसेच. पोलरॉइड नावाची पातळ काच उजेडाच्या एकाच दिशेच्या लाटा पार जाऊ देते. अशा दोन काचा एकीवर एक आडव्या-उभ्या धरल्या तर अंधार होतो. पण मधे साखरेचे पाणी ठेवले की पुन्हा उजेड दिसू लागतो! कारण साखर त्या लाटेची दिशा उजवीकडे फिरवते. किती फिरवली ते मोजले की साखर कळते. प्रयोगशाळेतला पोल तो हाच. ब्रिक्स २० आणि पोल १७ असेल तर शुद्धता ८५ टक्के झाली.

आता पुढची गंमत ऐका. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की त्यातली साखर फुटते आणि तिच्या दोन वेगळ्या शर्करा होतात. त्यांचे मिश्रण उजेडाला उजवीकडे नव्हे, तर डावीकडे फिरवते. म्हणजे शिळ्या उसाची चहाडी उजेडच करतो! ही साखर पोत्यात येत नाही, मळीत जाते.

याचा आपल्या खिशाशी संबंध आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफ.आर.पी. ठरली, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे जादा. टनाला ते ३४ रुपये ६० पैसे होतात. उतारा तर सगळ्या सभासदांच्या उसाचा मिळून निघतो. एकाचा ऊस फडात वाळला तर थोडंथोडं नुकसान सगळ्यांचंच होतं. हे भाषणात ऐकून पटत नाही. दोन काचांमधला उजेड डोळ्यांनी पाहिला की पटतं. मग सर्वसाधारण सभेत सभासद उठून 'उतारा कमी का?' एवढंच विचारणार नाही. तोडणीपासून गव्हाणीपर्यंत किती तास गेले, हेही विचारील. असा सभासद कारखान्याला हवाच आहे.

केंद्रातल्या बाकीच्या वस्तूंतही कारखाना दिसेल. वाफेचे इंजिन पाहाल तेव्हा बगॅस जाळून केलेल्या वाफेवर चालणारे टर्बाइन आठवा. हवेच्या दाबाचा प्रयोग पाहाल तेव्हा व्हॅक्युम पॅन आठवा. हवा काढून घेतली की पाक ६०-७० अंशांच्या आसपासच उकळतो आणि साखर करपत नाही. फिरत्या खुर्चीवर बसाल तेव्हा सेंट्रिफ्यूगल आठवा. त्याच्या फिरण्याच्या जोरावर मळी जाळीबाहेर फेकली जाते आणि साखरेचे दाणे आत राहतात.

परत आल्यावर

सहल घरी आल्यावर संपत नाही. पुढचे आठ दिवस पोरं प्रश्नांनी भंडावतील, तेव्हा 'गप बस' म्हणू नये. एक प्रयोग घरीच करता येतो. पोलरॉइड काचेचा गॉगल मिळाला तर संगणकाच्या एल.सी.डी. पडद्यासमोर काचेच्या पेल्यात साखरेचा घट्ट पाक धरावा आणि गॉगल फिरवत पाहावे. पाकात रंग बदलताना दिसतील. त्या पाकातली साखर आपल्याच रानातली, हे पोरांना जरूर सांगा.

आणि ज्यांना यंदा कुठेच जाणं जमणार नाही त्यांनीही मन खट्टू करू नये. गाळप चालू असताना आधी परवानगी काढून पोरांना आपला कारखाना दाखवावा. गव्हाणीपासून पोत्यापर्यंत पाहिलं तरी निम्मं विज्ञान केंद्र पाहिल्यासारखंच आहे. ते आपल्या भागभांडवलावर उभं आहे, तिथं परकेपणा कसला?

तेव्हा सभासद बंधु-भगिनींनो, दिनदर्शिका काढा, पाण्याची पाळी बघा, शेजाऱ्याशी धारेचं ठरवा आणि एका तारखेवर खूण करा. सहलीहून आल्यावर पोरांनी वहीत लिहिलेले प्रश्न कारखान्याच्या प्रयोगशाळेपर्यंत जरूर येऊ द्यावेत. उसाला वेळेवर पाणी मिळालं की तो आपोआप जोर धरतो. पोरांच्या कुतूहलाचंही तेच आहे, त्यालाही त्याची पाळी चुकवून चालणार नाही.